मनाचे विरजण

‘जसे अन्न तसे मन’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आजी ती शिळे खाऊ नये म्हणून सांगत असे, कीर्तनकार सात्त्विक आहाराचा महिमा सांगताना तिचा आधार घेत असत. पण या म्हणीमागचा विचार फार जुना आहे. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, हेच समजावून सांगतो. नुसत्या उपदेशाने मुलाचे समाधान होईना, तेव्हा बापाने त्याला पंधरा दिवस उपाशी राहावयास सांगितले. पाणी मात्र हवे तितके प्यावे. मग त्याला पाठ असलेले वेद म्हणावयास सांगितले, तर काही केल्या आठवेना. जेवू घातल्यावर सगळे आठवले. सिद्धांत सांगून न थांबता प्रयोगाने पटवून देणारा हा गुरू मला शिक्षक या नात्याने फार जवळचा वाटतो.

अन्नाचे मन होते, हे उद्दालकाने दाखविले. पण मधल्या स्वयंपाकघरात काय घडते आणि तेथला आचारी कोण, हा प्रश्न उरला होता. त्याचे थोडेसे उत्तर आता मिळू लागले आहे. आणि उत्तर मिळताच माणसाला मोह पडला आहे की, आपल्या पसंतीचा आचारी त्या स्वयंपाकघरात नेऊन बसवावा. या मोहाविषयीच मला थोडे बोलावयाचे आहे.

दहावीच्या वर्गात सांगतो तसे सांगतो. डाळ, ज्वारी, दूध यांतील प्रथिने पोटात फुटली म्हणजे त्यांची अमिनो आम्ले होतात. आपल्या शरीरातील प्रथिने अशा वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांचा उपयोग केवळ हाडामांसासाठी नाही. टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लापासून डोपामिन तयार होते. हालचालीला सफाई आणि मनाला उमेद देण्यात त्याचा मोठा वाटा आहे. ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन होते. त्याचा संबंध झोपेशी आणि मनाच्या प्रसन्नतेशी आहे. ग्लुटामिक आम्लातील एक तुकडा गळाला की गाबा नावाचे द्रव्य होते. ते मेंदूतील गडबड शांत करते. म्हणजे आपला उत्साह, आपली झोप आणि आपली शांती ही सगळी एका अर्थी डाळ-भाकरीचीच रूपे आहेत.

हे रूपांतर केवळ आपल्याच पेशी करतात असे नाही. आपल्या आतड्यात राहणारे असंख्य जिवाणूही हा उद्योग करीत असतात. दुधाचे दही करणाऱ्या जिवाणूंच्या गोतावळ्यातील कित्येक जाती ग्लुटामिक आम्लापासून गाबा तयार करतात. शरीरातील सुमारे नव्वद टक्के सेरोटोनिन आतड्यात असते. ते तयार करण्यास आपल्या पेशींना तेथले जिवाणूच प्रोत्साहन देतात, असे २०१५ साली उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले. हे सेरोटोनिन थेट मेंदूत शिरत नाही, हे खरे. पण पोट आणि मेंदू यांच्यात मज्जातंतूंची तार टाकलेली आहे. २०११ साली आयर्लंडमधील कॉर्क येथील शास्त्रज्ञांनी उंदरांना एक विशिष्ट जिवाणू खाऊ घातला, तेव्हा त्यांची भीती कमी झाली. ती मज्जातंतूची तार कापली, तर परिणामही नाहीसा झाला. पुढे तोच जिवाणू निरोगी माणसांना देऊन पाहिला, तेव्हा मात्र काहीच फरक आढळला नाही. उंदराचे औषध माणसाला लागू पडेलच असे नाही, ही गोष्ट उत्साही वर्तमानपत्रे वाचताना ध्यानात ठेवावी.

येथवर निसर्गाचे काम झाले. आता माणसाचे काम. जनुक म्हणजे पाककृतीचा कागद असे समजा. एका जीवाचा कागद दुसऱ्याच्या वहीत चिकटविण्याची विद्या १९७३ च्या सुमारास हाती आली. १९८२ पासून जिवाणूंनी तयार केलेले मानवी इन्शुलिन मधुमेही लोक घेत आहेत. आता त्याच विद्येने जिवाणूला टायरोसिनपासून डोपामिनकडे जाणारा किंवा ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिनकडे जाणारा रस्ता शिकविला जात आहे. इन्शुलिनचा जिवाणू कारखान्याच्या टाकीत राहतो. हा नवा जिवाणू आपल्या पोटातच राहावयास यावा, अशी कल्पना आहे.

आम्हा सीमाभागातील माणसांना हैदराबाद-सिकंदराबाद परके नाही. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. आजही देगलूर, धर्माबाद, उदगीर, बीदरकडील माणूस मोठा दवाखाना म्हटला की त्याच गाडीत बसतो. जिवाणू आणि माणूस यांच्या संबंधांचा सारा इतिहास या जोडशहरात पाहावयास मिळतो. सिकंदराबादच्या बेगमपेठेत २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला. त्या काळी सूक्ष्मजीव म्हणजे शत्रू, हीच समजूत होती. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९९७ साली, याच परिसरातील शान्ता बायोटेक्निक्सने जनुक बदललेल्या यीस्टकडून कावीळ-ब वरची लस करवून घेऊन बाजारात आणली. अशी लस भारतात प्रथमच तयार झाली आणि परदेशी लशीपेक्षा ती कितीतरी स्वस्त पडली. सूक्ष्मजीव शत्रूचा चाकर झाला. आता तो घरात राहणारा पाहुणा होऊ पाहतो आहे, आणि तोही आपल्या मनाची मर्जी सांभाळणारा. शत्रूशी कसे वागावे आणि चाकराशी कसे वागावे, हे आपल्याला ठाऊक आहे. अशा पाहुण्याशी कसे वागावे, याची नीती अजून कोणी लिहिलेली नाही.

काहीजण म्हणतील, हे सगळे निसर्गाविरुद्ध आहे, ते नकोच. मला हा आक्षेप टिकणारा वाटत नाही. शेजारणीकडून वाटीभर विरजण आणणारी आपली प्रत्येक गृहिणी जिवाणू पाळते, वाढविते आणि वाटते. मनासाठी सूक्ष्मजीव राबविण्याचा धंदाही नवा नाही. आपल्या भागातील शिंदी हे त्याचेच उदाहरण आहे. पलीकडे तिला कल्लू म्हणतात. पहाटे झाडावरून उतरविलेला रस गोड असतो, ती नीरा. ऊन चढू लागले की हवेतले व मडक्यातले यीस्ट आणि जिवाणू त्यात काम करू लागतात आणि दुपारपर्यंत त्याच रसाला आंबूस चव आणि नशा येते. दिवसभर राबलेला माणूस संध्याकाळी तिचा पेला घेतो, तेव्हा तो सूक्ष्मजीवांकडून थोडी शांती विकतच घेत असतो. मी शिंदीचा पुरस्कार करीत नाही. मुख्याध्यापकाने तो करूही नये. सांगावयाचे इतकेच की, ‘अनैसर्गिक’ हा शब्द येथे फारसा कामाचा नाही. खरी अडचण दुसरीकडे आहे आणि ती कळण्यासाठी याच शिंदीची पुढची कथा पाहावी लागते.

झाडे कमी झाली, गिऱ्हाईक वाढले. मग पाण्यात साखरेऐवजी सॅकरिन आणि नशेसाठी क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम अशी गुंगीची औषधे मिसळून ‘कल्लू’ विकण्याचा धंदा तेलंगणात फोफावला. यातील डायझेपाम आणि अल्प्राझोलाम ही औषधे मेंदूतील गाबाचाच परिणाम वाढवितात. म्हणजे शांतीचे जे काम शरीर ग्लुटामिक आम्लापासून स्वतः करीत होते, त्याला बाहेरून जोर मिळू लागतो. रोजच असा जोर मिळू लागला की मेंदू स्वतःची सोय आवरती घेतो. पिणाऱ्याला वाटते, आपल्याला शिंदीची सवय आहे. सवय लागलेली असते भलत्याच वस्तूची, आणि तिचे नावही त्याला ठाऊक नसते.

सप्टेंबर २०१५ मध्ये निजामाबाद व आसपासच्या जिल्ह्यांत या भेसळीवर सरकारने कडक कारवाई केली. कारवाई योग्यच होती. पण भेसळ थांबताच माणसांना थरकाप सुटला, झटके येऊ लागले, भास होऊ लागले. दवाखाने भरून गेले, काही जण दगावले. विष थांबविल्याने माणसे आजारी पडली, असा उलटा न्याय तेथे दिसला. त्यानंतरही धंदा थांबला नाही. जुलै २०२५ मध्ये हैदराबादच्या कुकटपल्ली भागात भेसळीची ताडी पिऊन अनेकांना दवाखान्यात न्यावे लागले आणि काहींचा मृत्यू झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये सिकंदराबादच्या बोवेनपल्ली भागात एका शाळेच्या इमारतीतच अल्प्राझोलाम तयार होत असल्याचे पोलिसांनी उघडकीस आणले. ते ताडीच्या दुकानांना पुरविले जात होते. एकीकडे वर्ग भरत होते, दुसरीकडे बंद खोल्यांत गुंगी शिजत होती. ही बातमी वाचली त्या दिवशी मी शाळा सुटल्यावर बराच वेळ कार्यालयात बसून होतो.

या कथेत पिणाऱ्याचा अपराध किती, हे ज्याने त्याने ठरवावे. मला त्याच्यावर झालेले तीन अन्याय दिसतात. आपल्या पेल्यात काय आहे, हे त्याला कळू दिले नाही. ते हवे आहे काय, असे त्याला कोणी विचारले नाही. आणि तिसरा सर्वांत क्रूर अन्याय असा की, नको म्हणण्याची वेळ आली तेव्हा परतीची वाट बंद झालेली होती.

मनावर परिणाम करणारे द्रव्य झाडातून आले, कारखान्यातून आले की जिवाणूच्या पोटातून आले, याला नीतीच्या दृष्टीने फारसे महत्त्व नाही. विचारावयाचे ते हेच तीन प्रश्न. माणसाला ठाऊक आहे काय? त्याने होकार दिला आहे काय? आणि त्याला परत फिरता येईल काय? जिवंत औषधाच्या बाबतीत तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे. गोळी थांबविता येते. जिवाणूची मात्र पुढची पिढी तयार होत राहते. दुधाला विरजण लावणे एका चमच्याचे काम, पण दह्याचे पुन्हा दूध करणे कोणाच्याही हाती नाही.

याची जाण चांगल्या शास्त्रज्ञांना आहे, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. पहिल्या महायुद्धात आल्फ्रेड निसले या जर्मन डॉक्टरला एक सैनिक आढळला. बरोबरीच्या सैनिकांना पोटाचा आजार झाला असताना हा ठणठणीत होता. त्याच्या आतड्यातून १९१७ साली मिळविलेला ई. कोलाय जातीचा निरुपद्रवी जिवाणू आज या संशोधनाचा लाडका बैल आहे. काही बालकांना जन्मतःच फिनाइलअलानिन हे अमिनो आम्ल पचविता येत नाही. ते साठून मेंदूची हानी होते. अशा रुग्णांसाठी सिनलॉजिक या अमेरिकन कंपनीने निसलेच्या जिवाणूत बदल करून ते अमिनो आम्ल पोटातच खाऊन टाकणारा जिवाणू तयार केला. त्याला त्यांनी एक दावणही बांधली. एक विशिष्ट खाद्य बाहेरून मिळाल्याशिवाय त्याची वाढच होऊ नये, अशी त्याची घडण केली. ही परतीची वाट. अपेक्षित गुण येईल असे दिसेना, म्हणून शेवटच्या टप्प्यातील ती चाचणी २०२४ मध्ये थांबविण्यात आली. यश आले नाही तरी दावण बांधण्याची ती रीत मला फार मोलाची वाटते.

माझे एक ज्येष्ठ सहकारी गणित शिकवीत. फळ्यावर हातानेच वर्तुळ काढावे आणि कंपासाने तपासावे, तर कोठे चूक सापडू नये, अशी त्यांची ख्याती. कंपवाताने तो हात गेला. मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी झडत जातात, त्याचा हा रोग. डोपामिन बाहेरून दिले तर ते मेंदूत शिरत नाही. त्याच्या आधीची पायरी, लेव्होडोपा, मात्र शिरते. आपल्या बांधावर उगवणाऱ्या खाजकुयलीच्या बियांत ती असते. मद्रासच्या संशोधकांनी १९३७ साली ती त्यातून वेगळी करून दाखविली. गुरुजी तिच्याच गोळ्या घेतात. गोळी घेतली की दोन-तीन तास बरे जातात, मग हात पुन्हा कापू लागतो. त्यातही गंमत अशी की, आतड्यातील एक जिवाणू लेव्होडोपा मेंदूपर्यंत पोचण्याआधीच फस्त करतो, हे २०१९ साली समजले. आता अमेरिकेतील काही संशोधक निसलेच्या जिवाणूकडून पोटातच टायरोसिनपासून लेव्होडोपा करवून घेण्याचे प्रयोग प्राण्यांवर करीत आहेत. ते साधले तर दिवसभर सारखा पुरवठा होईल आणि गोळीचे चढ-उतार थांबतील. मी हे गुरुजींना सांगितले तेव्हा त्यांनी दोनच प्रश्न विचारले. “हेडमास्तर, नको झाले तर काढता येईल का? आणि माझ्या नातवाला तर लागणार नाही ना?” आयुष्यभर ताळा करून पाहणाऱ्या माणसाला नीतीचे पुस्तक वाचावे लागले नाही. या प्रश्नांची नीट उत्तरे मिळाली, तर अशा औषधाला मी दोन्ही हातांनी होकार देईन. जेथे रोगाने माणसाचे हिरावून घेतले आहे, तेथे ते परत मिळवून देणे ही माणसाची सेवाच आहे.

पण दुसरी बाजू आहे. मध्यंतरी एक पालक भेटावयास आले. मुलगा हुशार, पण घरी मराठी, गल्लीत तेलुगू, शाळेत मराठी आणि शिकवणीला इंग्रजी, यात त्याची ओढाताण होते. “सर, अभ्यासात लक्ष लागेल असे एखादे औषध असेल तर सांगा, पैशाचे पाहून घेऊ,” असे ते म्हणाले. हेतू प्रेमाचाच होता. उद्या ‘एकाग्रतेचे दही’ बाजारात आले तर ते विकत घेणारे हेच सज्जन असतील. तेथे माझा स्पष्ट नकार आहे. मुलाच्या वतीने बापाने रोगावरील औषधाला होकार द्यावा, तो त्याचा धर्मच आहे. पण मुलाचा स्वभाव कसा असावा, याचा होकार बापाने देता कामा नये. कंटाळा, भीती, हट्ट हे मुलाचे आपल्याशी चाललेले बोलणे असते. ते औषधाने बंद केले तर वर्ग शांत होईल, पण शिक्षकाला काही ऐकू येणार नाही.

कष्टकऱ्याचेही तसेच. अंग मोडून पडल्यावर त्याला शांती हवी असते, आणि ती मिळावी. पण दुःखाचे दोन प्रकार आहेत. एक मेंदूच्या बिघाडातून येते, दुसरे मजुरीच्या हिशेबातून. पहिल्याला औषध द्यावे. दुसऱ्यालाही औषधच देऊन गप्प बसविले, तर हिशेब मागणार कोण? स्वस्त शांती ही अन्यायाची फार जुनी मैत्रीण आहे. कल्लूच्या दुकानाने हे पूर्वीच सिद्ध केले आहे.

आणि धंदेवाल्यांचा विचार तर करावाच लागेल. २०१५ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जनुक बदललेल्या यीस्टने साखरेपासून अफूच्या वर्गातील द्रव्य तयार केले. पुढच्याच वर्षी जपानमधील ईशिकावा येथे ई. कोलाय जिवाणूंकडून थेबाइन करवून घेतले गेले. अफूच्या बोंडातही हा रस्ता टायरोसिनपासूनच निघतो. त्या वेळचे उत्पादन इतके थोडे होते की त्यावर धंदा चालणार नव्हता. पण विद्या थांबत नाही. आपला १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा अफू, गांजा आणि कोका या झाडांची नावे घेतो. मंदसौर-नीमचकडील अफूचे शेत अधिकाऱ्याला मोजता येते. बरणीतला जिवाणू तो कसा मोजणार?

जनुक बदललेल्या जीवांसाठी १९८९ चे नियम आपल्याकडे आहेत आणि परवानगीसाठी समित्याही आहेत. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राचे, म्हणजे सीसीएमबीचे, संस्थापक संचालक डॉ. पुष्प मित्र भार्गव यांना सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये वरिष्ठ समितीवर आपल्यातर्फे नेमले होते. या देशात जैवतंत्रज्ञान रुजविणाऱ्यांपैकीच ते एक. तरी कंपनीने स्वतः केलेल्या चाचणीवर विसंबू नका, स्वतंत्र तपासणी करा, असा त्यांचा आग्रह असे. विद्येवर प्रेम करणाऱ्यानेच तिला लगाम घालावा, याचे हे चांगले उदाहरण आहे. बीटी वांग्याच्या वेळी २०१० मध्ये केंद्रीय मंत्र्यांनी नागपूर, हैदराबाद आणि इतर शहरांत लोकांपुढे बसून म्हणणे ऐकून घेतले आणि मगच वांगे थांबविले. भाजीसाठी जर लोकांना विचारले जाते, तर मनासाठी विचारावयास नको काय?

ती सुनावणी मराठीत, तेलुगूत, कन्नडात आणि उर्दूत झाली पाहिजे. ज्याच्या पोटात पाहुणा जाणार, त्याच्या भाषेत त्या पाहुण्याची ओळख करून दिली पाहिजे. आम्ही सीमेवरची माणसे दोन भाषांत वाढलो. दुकानावरची पाटी एका भाषेत आणि पावती दुसऱ्या भाषेत असली की गरिबाची कशी फसगत होते, हे आम्ही रोज पाहतो. औषधाच्या बाटलीवरचा मजकूर वाचता न येणाऱ्याचा होकार हा होकार नव्हे.

आमच्या शाळेत यंदा दहावीच्या मुलांना मी एक साधा पाठ दिला आहे. घरात येणाऱ्या प्रत्येक बाटलीवर आणि पाकिटावर काय लिहिले आहे ते वाचावे, न कळलेला शब्द वहीत उतरवावा आणि वर्गात विचारावा. ज्या बाटलीवर काहीच लिहिलेले नाही, तिची नोंद आधी करावी. आतापर्यंत सदतीस शब्द जमले आहेत. त्यांतल्या निम्म्यांचा अर्थ मलाही पुस्तकात पाहावा लागला.